स्कूबा मापके आणि डाइव्ह कॉम्प्युटर

स्कूबा मापके आणि डाइव्ह कॉम्प्युटर ही सिलिंडरमधील हवेवर श्वास घेत पाण्याखाली वावरणाऱ्या पाणबुड्याची सुरक्षिततेची साधने होत. सिलिंडरमध्ये हवा किती उरली आहे, आपण किती खोल आहोत आणि या खोलीवर आणखी किती वेळ थांबता येईल, हे तीन प्रश्न पाणबुड्याला बुडीच्या प्रत्येक टप्प्यावर पडतात. पहिल्याचे उत्तर दाबमापक देते, दुसऱ्याचे खोलीमापक आणि तिसऱ्याचे डाइव्ह कॉम्प्युटर. पहिली दोन उपकरणे प्रत्यक्ष मापन करतात. तिसरे उपकरण खोली आणि वेळ मोजून त्यावरून शरीरातील नायट्रोजन वायूचा केवळ अंदाज बांधते. पहिला संच निवडताना आणि वापरताना हा फरक लक्षात ठेवणे महत्त्वाचे असते.

महाराष्ट्रात स्कूबा डायव्हिंग मुख्यतः सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण आणि तारकर्ली परिसरात चालते. राज्याच्या अंतर्भागातून, उदाहरणार्थ जळगाव व धुळे जिल्ह्यांतून, तेथे जाणाऱ्यांना परतीच्या प्रवासात सह्याद्री ओलांडावा लागत असल्याने उंचीचा मुद्दाही त्यांच्यासाठी महत्त्वाचा ठरतो.

शास्त्रीय पार्श्वभूमी

समुद्रसपाटीवर हवेचा दाब सुमारे १ बार असतो. समुद्राच्या पाण्यात दर १० मीटर खोलीला त्यात आणखी सुमारे १ बारची भर पडते. म्हणजे १० मीटरवर एकूण दाब २ बार, २० मीटरवर ३ बार आणि ३० मीटरवर ४ बार होतो. रेग्युलेटर पाणबुड्याला भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा पुरवतो. त्यामुळे खोली वाढली की प्रत्येक श्वासात अधिक हवा खर्च होते.

एक उदाहरण घेता येईल. १२ लिटर क्षमतेच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने हवा भरली, तर पृष्ठभागावरील दाबाच्या हिशेबाने ती सुमारे २,४०० लिटर होते. त्यातील ५० बार राखीव ठेवल्यास १,८०० लिटर वापरता येतात. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागणाऱ्या व्यक्तीला हा साठा १० मीटरवर सुमारे ४५ मिनिटे, २० मीटरवर ३० मिनिटे आणि ३० मीटरवर साडेबावीस मिनिटे पुरेल. श्रम, थंडी किंवा भीती यांमुळे श्वास वाढला, तर हा काळ आणखी घटतो. म्हणून केवळ घड्याळावरून हवेचा अंदाज बांधणे धोक्याचे असते.

दुसरा प्रश्न नायट्रोजनचा आहे. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नायट्रोजन असतो. दाब वाढला की हा वायू रक्तात व ऊतकांत अधिक प्रमाणात विरघळतो. पाणबुड्या सावकाश वर आला, तर तो फुप्फुसांवाटे हळूहळू बाहेर पडतो. वर येणे वेगाने झाले, तर सोड्याच्या बाटलीचे झाकण एकदम उघडल्यावर जसे बुडबुडे उठतात, तसे ते शरीरात तयार होऊ शकतात. यातून होणाऱ्या विकाराला पाणबुडे 'बेंड्स' म्हणतात. सांधेदुखी, बधिरपणा आणि चक्कर ही त्याची लक्षणे असून गंभीर प्रकारात पक्षाघात किंवा मृत्यूही संभवतो. त्यावर तातडीने प्राणवायू देणे व दाबकक्षात उपचार करणे आवश्यक असते.

इतिहास

झाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये मागणीनुसार हवा पुरवणारा रेग्युलेटर सिद्ध केला आणि आधुनिक स्कूबाचा पाया घातला. प्रारंभीच्या अनेक संचांत पाण्याखाली वाचता येणारे दाबमापक नसे. त्याऐवजी सिलिंडरच्या झडपेवर राखीव साठ्याची दांडी असे. हवा ठरावीक पातळीखाली गेली की श्वास घेणे जड होई. मग पाणबुड्या दांडी ओढून उरलेला साठा मोकळा करी आणि वर येई. ही दांडी आधीच नकळत ओढली गेलेली असेल, तर मात्र कोणतीही पूर्वसूचना न मिळता हवा संपत असे. पाण्याखालील दाबमापक सार्वत्रिक झाल्यावर ही पद्धत मागे पडली.

वर येण्याच्या वेळापत्रकाचा शास्त्रीय पाया ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जे. एस. हॉल्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात घातला गेला. त्यांनी बोकड व शेळ्यांवर प्रयोग केले होते. शरीरातील निरनिराळी ऊतके निरनिराळ्या गतीने वायू शोषतात व सोडतात, ही त्यांची कल्पना आजही पायाभूत मानली जाते. तिच्या आधारे छापील तक्ते तयार झाले. पुढे झ्युरिक येथील अल्बर्ट ब्युलमान यांनी ऊतकांचे १६ काल्पनिक कप्पे मानणारे गणित विकसित केले. अनेक डाइव्ह कॉम्प्युटरांत ते मूळ किंवा सुधारित रूपात वापरले जाते. अमेरिकेतील ऑर्का या कंपनीचा 'एज' हा १९८३ मधील कॉम्प्युटर बाजारात यशस्वी ठरलेल्या पहिल्या उपकरणांपैकी होता.

दाबमापक

दाबमापक उच्चदाबाच्या नळीने रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्याला जोडलेले असते. त्यात बूर्दों नळी असते. एझेन बूर्दों यांनी १८४९ मध्ये शोधलेली ही वक्र धातूची नळी आतील दाब वाढला की सरळ होऊ पाहते आणि ती हालचाल काट्यापर्यंत पोहोचते. पेट्रोल पंपावरील टायरची हवा मोजण्याच्या काटेरी मापकांतही हे तत्त्व आढळते. मोटारीच्या टायरमध्ये दाब सव्वादोन बारच्या आसपास असतो, भरलेल्या स्कूबा सिलिंडरमध्ये मात्र २०० बार.

तबकडीवर आकडे बार किंवा पीएसआय या एककात असतात. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय. ३,००० पीएसआय म्हणजे सुमारे २०७ बार. प्रशिक्षण ज्या एककात झाले, त्याच एककातील मापक घेणे इष्ट असते, कारण पाण्याखाली मनातल्या मनात रूपांतर करताना चूक होऊ शकते. सुमारे ५० बारखालील भाग बहुधा लाल रंगात दाखवलेला असतो. तो राखीव साठा असून वर येण्यास सुरुवात त्याआधीच करायची असते.

सिलिंडर उघडताना मापकाची काच स्वतःकडे वा दुसऱ्याकडे न ठेवता खाली वळवून धरतात. मापकात दोष असल्यास काच उडून इजा होऊ शकते, हे त्यामागील कारण होय. त्यानंतर काट्याकडे पाहत रेग्युलेटरमधून तीन-चार श्वास घेतले जातात. प्रत्येक श्वासासरशी काटा खाली जाऊन परत वर येत असेल, तर सिलिंडरची झडप पूर्ण उघडलेली नाही असे समजावे. ही साधी तपासणी अनेक अपघात टाळते.

खोलीमापक

सर्वांत साधे खोलीमापक म्हणजे एका टोकाला बंद असलेली पारदर्शक केशनलिका. बॉइलच्या नियमानुसार दाब दुप्पट झाला की हवेचे आकारमान निम्मे होते. त्यामुळे १० मीटरवर नलिकेतील हवेचा स्तंभ निम्मा, २० मीटरवर एक तृतीयांश आणि ३० मीटरवर एक चतुर्थांश उरतो. खोली वाढेल तशा खुणा एकमेकींच्या जवळ येत जातात. म्हणून हे मापक उथळ पाण्यात चांगले, पण खोल पाण्यात वाचण्यास अवघड असते.

काटेरी खोलीमापकात बूर्दों नळी किंवा पातळ पडदा वापरतात. त्यात बुडीतील कमाल खोली दाखवणारा दुसरा काटा असल्यास उपयुक्त ठरतो. डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये दाबसंवेदक असतो. युरोपीय मानक ईएन १३३१९ हे खोली व वेळ मोजणाऱ्या अशा उपकरणांसाठी आहे. मापकावर त्याचा उल्लेख आहे का, हे खरेदीच्या वेळी पाहता येते.

खोलीमापक प्रत्यक्षात अंतर मोजत नाही, दाब मोजते. गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच ते तीन टक्के हलके असते. त्यामुळे समुद्रासाठी जुळवलेले मापक धरणाच्या पाण्यात २० मीटरवर साधारण साडेएकोणीस मीटर दाखवते. काही कॉम्प्युटरांत खारे व गोडे पाणी अशी निवड करता येते.

होकायंत्र आणि कन्सोल

दाबमापक, खोलीमापक आणि होकायंत्र एकाच रबरी खोबणीत बसवलेल्या जोडणीला कन्सोल म्हणतात. सर्व माहिती एका ठिकाणी मिळणे हा तिचा लाभ. मात्र कन्सोल नळीच्या टोकाला लोंबत राहिल्यास खडकात वा प्रवाळात अडकतो आणि प्रवाळाची हानीही करतो. म्हणून तो क्लिपने अंगाजवळ अडकवतात. होकायंत्र थोडे तिरके धरले तरी त्याची तबकडी फिरली पाहिजे. दृश्यमानता कमी असलेल्या पाण्यात परतीची दिशा त्यावरूनच कळते.

डाइव्ह कॉम्प्युटर

डाइव्ह कॉम्प्युटर काही सेकंदांच्या अंतराने खोली नोंदवतो आणि प्रत्येक काल्पनिक ऊतकात किती नायट्रोजन साठला असेल याचे गणित करत राहतो. पडद्यावर तो चालू खोली, लोटलेला वेळ आणि विनाथांबा मर्यादा दाखवतो. वर येताना मध्ये सक्तीचे थांबे न घेता त्या खोलीवर आणखी जितकी मिनिटे राहता येते, तिला विनाथांबा मर्यादा म्हणतात.

छापील तक्त्यात संपूर्ण बुडी कमाल खोलीवरच झाली असे धरले जाते. पॅडी या प्रशिक्षण संस्थेच्या मनोरंजनात्मक तक्त्यानुसार पहिल्या बुडीसाठी ही मर्यादा १८ मीटरवर ५६ मिनिटे आणि ३० मीटरवर २० मिनिटे आहे. प्रत्यक्षात पाणबुड्या काही काळ खोल, काही काळ उथळ असतो. कॉम्प्युटर हा बदल हिशेबात घेत असल्याने अधिक वेळ देतो. लागोपाठच्या बुड्यांमध्ये आधीचा उरलेला नायट्रोजनही तो लक्षात ठेवतो. वर येण्याचा वेग ठरावीक मर्यादेपलीकडे, अनेक उपकरणांत मिनिटाला सुमारे ९ ते १० मीटरपलीकडे गेला, तर तो इशारा देतो. ५ मीटरच्या आसपास तीन मिनिटांचा सुरक्षा थांबा घेण्याची आठवणही करतो.

या उपकरणाची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. त्याला मनगट किंवा कन्सोल कोठे आहे एवढेच कळते. वापरणारी व्यक्ती थकलेली आहे, तिला पुरेसे पाणी मिळालेले नाही, तिचे वय अधिक आहे किंवा ती प्रवाहाविरुद्ध झगडत आहे, हे सामान्य कॉम्प्युटरला कळत नाही. पडद्यावर पाच मिनिटे उरलेली दिसत असताना बेंड्स होणे अशक्य नाही. त्यामुळे मर्यादेच्या टोकापर्यंत न जाता वर येण्याचा संकेत पाळला जातो. बहुतेक कॉम्प्युटरांत गणित अधिक सावध करण्याची सोय असते आणि नवशिक्यांनी ती वापरणे श्रेयस्कर मानले जाते.

दोन व्यक्तींनी एक कॉम्प्युटर वापरणे चुकीचे आहे, कारण दोघांची खोली व आधीच्या बुड्या सारख्या नसतात. एकाच दिवसात दुसऱ्या बुडीसाठी वेगळा कॉम्प्युटर घेतल्यासही पहिल्या बुडीचा हिशेब तुटतो. इशारे डावलल्यास काही उपकरणे २४ ते ४८ तास मर्यादा सांगणे थांबवतात आणि केवळ खोली व वेळ दाखवतात.

पहिल्या संचासाठी निवड

पहिल्या संचात काटेरी दाबमापक आणि मनगटावरील साधा कॉम्प्युटर ही जोडी सर्वसाधारणपणे पुरेशी असते. कॉम्प्युटरची बॅटरी संपली किंवा संवेदक बिघडला, तरी दाबमापकाला विजेची गरज नसल्याने उरलेली हवा कळत राहते. निवडीचे प्रमुख निकष पुढीलप्रमाणे आहेत.

* वाचनीयता: आकडे मोठे व ठळक हवेत. चाळिशीचा चष्मा लागणाऱ्यांनी दुकानात चष्म्याविना, हात लांब करून पडदा वाचून पाहावा. पाण्याखाली वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या दिसतात, परंतु गढूळ पाण्यात तो लाभ उरत नाही.
* बटणे: एका बटणाचे उपकरण स्वस्त असते, पण त्याची निवडसूची लक्षात ठेवावी लागते. ओल्या बोटांनी किंवा हातमोजे घालून बटणे दाबता आली पाहिजेत.
* बॅटरी: स्वतः बदलता येणारी, ठरावीक काळाने चार्ज करावी लागणारी आणि केवळ सेवा केंद्रात बदलून मिळणारी असे तीन प्रकार आहेत. मोठ्या शहरांपासून दूर राहणाऱ्यांना पहिला प्रकार सोयीचा पडतो. मात्र बदलताना रबरी कडी स्वच्छ व नीट बसलेली असणे आवश्यक असते.
* वायुमिश्रण: अधिक प्राणवायू असलेल्या नायट्रॉक्स मिश्रणाची सोय आता साध्या कॉम्प्युटरांतही असते. त्यासाठी वेगळे प्रशिक्षण लागते. ३२ टक्के प्राणवायूच्या मिश्रणासाठी १.४ बार अंशदाबाची मर्यादा धरल्यास कमाल खोली सुमारे ३३ मीटर येते.
* हवेची माहिती कॉम्प्युटरवर: ट्रान्समीटर लावून सिलिंडरचा दाब मनगटावर पाहता येतो. ही सोय उपयुक्त असली, तरी महाग असते आणि संपर्क तुटू शकतो. म्हणून अनेक पाणबुडे काटेरी मापकही सोबत ठेवतात.
* नोंद व उंची: बुड्यांची नोंद, विमानप्रवासाआधीचा प्रतीक्षाकाळ आणि उंचीनुसार जुळवणी या सोयी असाव्यात.

जुने उपकरण घेताना दाबमापकाच्या काचेत पाणी शिरले आहे का, दाब नसताना काटा शून्यावर येतो का आणि नळी जोडणीपाशी चिरली आहे का, हे पाहतात. कॉम्प्युटरची माहितीपुस्तिका पहिल्या बुडीआधी वाचलेली असणे ही निवडीइतकीच महत्त्वाची बाब आहे.

महाराष्ट्रातील वापर

मालवणजवळील सिंधुदुर्ग किल्ल्याचा परिसर आणि १९८७ मध्ये घोषित झालेले मालवण सागरी अभयारण्य यांमुळे हा भाग प्रवाळ व मासे पाहण्यासाठी प्रसिद्ध आहे. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला व पाणी गढूळ असल्याने बुड्या बंद असतात. हंगाम साधारणपणे ऑक्टोबर ते मे असा असतो. विजयदुर्गच्या पश्चिमेस खोल समुद्रात असलेल्या आंग्रिया बँक या प्रवाळयुक्त उंचवट्याचा माथाच सुमारे २० मीटर खोल आहे. अशा ठिकाणी हवा आणि विनाथांबा मर्यादा या दोन्हींचा काटेकोर हिशेब लागतो.

पर्यटकांसाठीच्या अल्पकालीन बुडीत मार्गदर्शक पर्यटकाला धरून असतो आणि मापके तोच वाचतो. त्यामुळे अशा अनुभवानंतर लगेच स्वतःचा संच घेतल्यास साधने हाती येतात, पण ती वाचण्याची सवय नसते. प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमात ही सवय लावली जाते. प्रारंभिक प्रमाणपत्राची खोलीमर्यादा सामान्यतः १८ मीटर असून मनोरंजनात्मक बुडीची कमाल मर्यादा ४० मीटर मानली जाते.

खानदेश आणि उंचीचा प्रश्न

जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २१० मीटर, तर धुळे सुमारे २५० मीटर उंचीवर आहे. अनेक कॉम्प्युटर ३०० मीटरपर्यंतची उंची समुद्रसपाटीसारखीच धरतात. त्यामुळे भुसावळजवळील तापीवरचे हतनूर किंवा जळगावजवळचे वाघूर या धरणांच्या पातळीवर उंचीची जुळवणी बदलावी लागत नाही, गोड्या पाण्याचा फरक मात्र राहतो. सातपुड्यातील तोरणमाळ येथील यशवंत तलाव सुमारे १,१५० मीटर उंचीवर असून तेथे हवेचा दाब ०.८८ बारच्या आसपास भरतो. समुद्रसपाटीला शून्य जुळवलेल्या बंद काटेरी खोलीमापकाचा काटा तेथे सव्वा मीटरहून अधिक खोल जाईपर्यंत शून्यावरच राहील. धरणात किंवा तलावात उतरण्यास संबंधित खात्याची परवानगी लागते, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

गढूळ पाणी, गाळ, बुडालेली झाडे आणि जाळी यांमुळे नद्या-धरणांतील शोधकार्य हे मनोरंजनात्मक बुडीपेक्षा पूर्णतः वेगळे काम आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळे येथे आहे. २३ मे २०२४ रोजी अकोले तालुक्यात प्रवरा नदीत बुडालेल्यांचा शोध घेताना या पथकाची बोट उलटली आणि दलाच्या तिघांना प्राण गमवावे लागले. प्रशिक्षित पथकालाही वाहत्या पाण्याचा धोका किती असतो, हे या घटनेतून दिसते. स्वतःचा संच व कॉम्प्युटर जवळ असणे ही अशा कामासाठीची पात्रता ठरत नाही.

खानदेशातील पाणबुड्यांसाठी अधिक नित्याचा प्रश्न परतीच्या प्रवासाचा आहे. बुडीनंतर उंचावर गेल्यास हवेचा दाब घटतो आणि शरीरातील उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याची शक्यता वाढते. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार विनाथांबा मर्यादेतील एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा. सक्तीचे थांबे घ्यावे लागले असतील, तर त्याहून बराच अधिक काळ थांबावे. हे मार्गदर्शन सुमारे ६०० ते २,४०० मीटर उंचीइतक्या दाबासाठी आहे.

आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे आणि मालवणहून मोटारीने दोन-अडीच तासांत तेथे पोहोचता येते. मुंबईमार्गे आल्यास कसारा घाट चढून इगतपुरी-नाशिकच्या सुमारे ६०० मीटर उंचीच्या पठारावरून धुळ्याकडे यावे लागते. आंबोलीतील हवेचा दाब सुमारे ०.९३ बार, तर विमानाच्या कक्षात तो ०.७५ बारपर्यंत उतरू शकतो. त्यामुळे घाटातील धोका विमानापेक्षा कमी असला, तरी नगण्य नाही. दुपारी बुडी आणि संध्याकाळी घाट, असा बेत टाळून शेवटची बुडी सकाळी घेणे व त्या रात्री किनाऱ्यावर मुक्काम करणे हा सोपा उपाय आहे. कॉम्प्युटरच्या पडद्यावरील विमानाचे चिन्ह दिसेनासे होईपर्यंत घाटही टाळावा, असा सावध नियम पाळता येतो.

निगा

प्रत्येक दिवसाच्या बुड्यांनंतर मापके व कॉम्प्युटर गोड्या पाण्यात भिजवून धुतात, कारण सुकलेल्या मिठाचे स्फटिक बटणांत आणि संवेदकाच्या छिद्रांत अडकतात. संवेदकाच्या छिद्रात टोकदार वस्तू घालू नये, तसेच दाबाने हवा मारू नये. जळगाव-भुसावळ परिसरात उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जातो आणि बंद मोटारीत तापमान त्याहून बरेच अधिक होते. अशा उष्णतेत बॅटरी, पडदा आणि रबरी नळ्या लवकर खराब होतात. म्हणून साधने घरात सावलीत, कोरडी करून ठेवतात. समुद्र वर्षातून एकदाच गाठणाऱ्यांनी निघण्याच्या काही आठवडे आधी बॅटरी तपासून घेणे आणि उत्पादकाने सांगितलेल्या कालावधीनुसार दाबमापक व रेग्युलेटर अधिकृत तंत्रज्ञाकडून तपासून घेणे आवश्यक असते.

हे सुद्धा पहा

* स्कूबा डायव्हिंग
* बॉइलचा नियम
* मालवण सागरी अभयारण्य
* तारकर्ली
* आंग्रिया बँक